हाक केव्हा मारावी?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की आम्ही कामगार चळवळीचा इतिहास सांगू, नाहीतर नव्या श्रमसंहितांवर कडाडून बोलू. ते विषय आमच्या आवडीचे आहेतच. परंतु तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांपाशी उभे राहून आमच्या मनात जी गोष्ट साचून राहिली आहे, ती संपाची नाही आणि बोनसाचीही नाही. ती दुखापतीची आहे. माणूस पडला, चेंगरला, भाजला किंवा गारठला, तर त्याला घरी पाठवायचे, चालत दवाखान्यात न्यायचे, की हातातले सारे टाकून त्या क्षणी रुग्णवाहिकेला हाक मारायची? हे ठरवायचे कसे, आणि मुख्य म्हणजे ठरवायचे कोणी?

आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या कपाटांपुढे आणि दवाखान्यांच्या बाकांवर. या बाकांवर बसून आम्ही निरनिराळ्या डॉक्टरांच्या तोंडून एक वाक्य इतक्या वेळा ऐकले की त्याची आम्हांला धास्ती बसली. ते वाक्य असे: “थोडे आधी आणले असते तर.” आजचे बोलणे त्या ‘थोडे आधी’विषयी आहे.

हा वेळ जातो कुठे? रस्त्यात जातो, गर्दीत जातो, हे खरे. पण पुष्कळसा वेळ दोन वाक्यांत जातो. पहिले वाक्य जखमी माणूस स्वतः म्हणतो: “काही नाही झालं.” दुसरे वाक्य त्याचा फोरमन म्हणतो: “थांबून पाहू.” कामगार असे का म्हणतो? तो कंत्राटी असतो, उद्याचा खाडा त्याला परवडत नाही, आणि चार माणसांत आपण नाजूक ठरू नये असे त्याला वाटते. फोरमन असे का म्हणतो? पुष्कळ कारखान्यांच्या फाटकाशी एक फळा असतो. अपघाताविना किती दिवस गेले त्याचा आकडा त्यावर लिहितात. तो आकडा रोज एकाने वाढतो, आणि पुसून शून्य करण्याची पाळी आपल्यावर यावी असे कोणालाच वाटत नाही. कल्पना चांगली आहे. पण आम्ही असे फळे पाहिले आहेत की त्यांच्यामुळे अपघात कमी झाले नाहीत, अपघातांची नोंद तेवढी कमी झाली.

हे फक्त कारखान्यातच चालते असे समजू नका. न्हाणीघरात पाय घसरून पडलेली आजी काय म्हणते? “मुका मार आहे, काही नाही झालं.” सून म्हणते, “सकाळपर्यंत थांबून पाहू.” फळा नसला तरी हिशेब तोच.

म्हणून आमचे म्हणणे असे की हा निर्णय जखमी माणसावर सोडू नये, आणि काम थांबल्याने ज्याचे नुकसान होते त्याच्यावर तर मुळीच सोडू नये. निर्णय लक्षणांवर सोपवावा. आणि ती लक्षणे फोरमनला, पाळीवाल्याला, सुनेला, नातवाला, सर्वांना आधीपासून ठाऊक असावीत.

यात नवे असे काही नाही. नेपोलियनच्या सैन्यात डॉमिनिक लारे नावाचा शस्त्रवैद्य होता. जखमींना रणांगणावरून तत्काळ उचलून आणण्यासाठी घोड्यांच्या हलक्या गाड्या त्याने सुरू केल्या; आजच्या रुग्णवाहिकेची ती आजी म्हणावी. परंतु आम्हांला लारे आठवतो तो त्याच्या दुसऱ्या एका नियमासाठी. जखमींमध्ये आधी कोणाला पाहायचे? सरदाराला की शिपायाला? लारे म्हणे, हुद्दा पाहू नका, जखम पाहा. ज्याची जखम सर्वांत धोक्याची तो पहिला. युनियनच्या माणसाला यापेक्षा आवडीचा नियम कोणता असणार?

पण जखम पाहायची म्हणजे काय, इथेच लोक फसतात. एका ठिकाणी दोन कामगार एकदम जखमी झाले. एकाचा पंजा फाटून रक्त वाहत होते आणि तो मोठमोठ्याने ओरडत होता. दुसऱ्याच्या पोटावर मालगाडीची दांडी आदळली होती; तो भिंतीला टेकून गप्प बसला होता. सगळे धावले ते ओरडणाऱ्याकडे, आणि ते साहजिक आहे. पण जो ओरडतो त्याचा श्वास चालू असतो, मेंदू जागा असतो. जो गप्प झाला, पांढराफटक पडला, ज्याच्या कपाळावर थंड घाम आला, जो पुनःपुन्हा पाणी मागतो आणि उगीच अस्वस्थ होतो, त्याच्या पोटात रक्तस्राव होत असण्याचा संभव आहे. बाहेर थेंबभर रक्त दिसणार नाही. अशा माणसाला पाणी पाजीत बसू नये, आडवा करावा, पांघरूण घालावे आणि हाक मारावी. त्या दिवशी एका वयस्क हेल्परने त्या गप्प माणसाकडे पाहिले, म्हणून तो आज नातवंडे खेळवतो आहे.

आता डोक्याच्या माराविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण तो सर्वांत फसवा.

नताशा रिचर्ड्सन ही इंग्लंडची नामवंत नटी. २००९ सालच्या मार्च महिन्यात कॅनडात बर्फावर घसरण्याचा खेळ शिकताना ती पडली. नवशिक्यांचा उतार, साधे पडणे. उठली, हसली, बोलली. रुग्णवाहिका आली होती. ती परत पाठवली गेली. तासाभराने डोके दुखू लागले, आणि दोन दिवसांत ती गेली. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचत गेले होते. अशा माराचा एक विचित्र गुण असा की मार लागल्यावर मधला काही काळ माणूस अगदी शहाण्यासारखा वागतो. रक्त साचायला वेळ लागतो ना! तो वेळ म्हणजे सुटका नव्हे. उपचाराला मिळालेली ती मुदत असते. परातीवरून पडलेला रंगारी उठतो, चहा पितो, सायकलवर बसून घरी जातो, “जरा पडतो” म्हणून निजतो, आणि घरची माणसे म्हणतात, दमलाय, निजू द्या. असे आम्ही एकदा नव्हे, दोनदा पाहिले आहे. आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी आम्ही नुकसानभरपाईचा अर्ज लिहीत होतो.

तेव्हा डोक्याला मार लागल्यावर काय पाहावे? एकदा ओकारी झाली तर लक्ष ठेवा. पुनःपुन्हा होऊ लागली तर थांबू नका. डोकेदुखी उतरण्याऐवजी चढत असेल, माणूस तोच प्रश्न परत परत विचारीत असेल, बरळत असेल, क्षणभर का होईना शुद्ध गेली असेल, झटके आले असतील, एक बाजू लुळी वाटत असेल, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसत असेल, नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येत असेल, तर क्षणाचाही विचार करू नये. म्हातारे माणूस असेल, किंवा हृदयासाठी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे असेल, तर यांतले एकही लक्षण नसताना डॉक्टरला दाखवावे. न्हाणीघरातल्या आजीचे हेच. आणि मार मानेलाही लागला असेल अशी शंका आली, तर त्याला बखोटीला धरून उठवू नये, रिक्षात दुमडून घालू नये. मदत येईतो डोके-मान सरळ ठेवून तिथेच ठेवावे. आग किंवा पडती भिंत असेल तर गोष्ट वेगळी.

झटके आलेल्याला चप्पल हुंगवणारे आणि बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतणारे परोपकारी लोक आपल्याकडे फार. चपलेने काही होत नाही, वेळ जातो एवढेच. पाणी मात्र श्वासनलिकेत जाऊन जीव घेते.

काही जखमा दिसायला क्षुल्लक असतात आणि असतात भयंकर. हायड्रॉलिक नळीला बारीक भोक पडले आहे का, हे पाहण्यासाठी कामगार तिच्यावरून बोट फिरवतो. तेलाची सुईसारखी धार बोटात शिरते. बाहेर टाचणी टोचल्यासारखा ठिपका. दुखतही नाही फारसे. ग्रीसच्या बंदुकीने, रंगाच्या फवाऱ्याने, डिझेलच्या इंजेक्टरनेही हेच होते. आत मात्र ते तेल बोटाच्या पोकळीतून तळव्यापर्यंत गेलेले असते. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हातही गमवावा लागतो. म्हणून ठिपका पाहून मलमपट्टी करणाऱ्या डॉक्टरलाही स्पष्ट सांगावे की हे दाबाखालचे तेल आहे. हे सांगायला लाजू नये. यंत्र आपण ओळखतो, ते ओळखत नाहीत.

विजेचेही असेच. घरच्या बटणाचा किरकोळ झटका बसला आणि माणूस ठीक आहे, तर धावपळ नको. पण तो फेकला गेला, शुद्ध हरपली, छातीत धडधड किंवा कळ आली, किंवा झटका उच्च दाबाच्या तारेचा असेल, तर कातडीवर रुपयाएवढाच डाग असला तरी इस्पितळ गाठावे. वीज आत शिरते आणि बाहेर पडते त्या दोन जागी डाग दिसतो. मधे स्नायू जळालेले असतात, हृदयाची लय बिघडलेली असते. आधी मेन स्विच बंद, मग माणसाला हात; हा क्रम चुकला की एकाचे दोन होतात. श्वास नसेल, किंवा मासळीसारखे नुसते आचके असतील, तर तो श्वास समजू नये; छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या गतीने दाबत राहावे आणि दुसऱ्याने फोन करावा.

चेंगरण्याची गोष्ट लंडनने जगाला शिकवली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन बॉम्बहल्ल्यांत घरे कोसळली, माणसे तुळयांखाली तासन्‌तास अडकली. बाहेर काढली तेव्हा बरी होती, बोलत होती. आणि पुढे काही दिवसांत मूत्रपिंडे बंद पडून मेली. एरिक बायवॉटर्स नावाच्या डॉक्टरने १९४१ साली याचा उलगडा मांडला: चिरडलेल्या स्नायूंतले विष, वजन उचलताच रक्तात उतरते. आपल्याकडे मातीचे खंदक ढासळतात, जुने वाडे बसतात, पोत्यांच्या थप्प्या कोसळतात. बराच वेळ दबलेला माणूस काढायचा तर काढण्याआधीच रुग्णवाहिका बोलवून ठेवावी. आणि तो “मी ठीक आहे” म्हणाला, तरी इस्पितळात न्यावा. लघवी गडद, काळ्या चहासारखी झाली तर तो धोक्याचा बावटा समजावा.

रक्ताविषयी थोडक्यात. स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे, उचलून उचलून पाहू नये. हळद, तंबाखू, चुना जखमेत भरू नये. रुतलेली सळई उपसू नये. हातापायातून चिळकांडी उडत असेल आणि दाबून थांबत नसेल, तर जखमेच्या वर रुंद पट्टा करकचून बांधावा व बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. पॉवर प्रेसखाली तुटलेले बोट लोक सरळ बर्फात घालतात. तसे केल्याने ते मरते. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवावी. आणि ते बोट शोधावे आधी! घाईत माणूस इस्पितळात जातो, बोट प्रेसखाली राहते.

आता थंडी. तुम्ही म्हणाल, वैशाखात हा थंडीचा विषय कुठून काढला? पण बर्फाच्या देशातच माणसे गारठून मरतात हा गैरसमज आहे. आमच्या युनियनमध्ये शीतगृहातली माणसे आहेत; मासळी आणि मटार उणे अठरा अंशांत राहतात, आणि त्यांची खोकी रचणारा हमालही त्याच थंडीत काम करतो. निफाडकडे हिवाळ्यात पारा पाच अंशांखाली उतरतो, आणि शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची. शेतकरी भिजल्या पायांनी दारे धरीत उसात उभा असतो. ऊसतोडीच्या कोप्यांत तान्ही मुले असतात. आपल्यातले कितीतरी जण केदारनाथला जातात. साडेतीन हजार मीटरांहून उंच जागा, वरून पाऊस, अंगात सुती कपडे. थंडीला बर्फ लागत नाही. ओले कपडे, वारा आणि रिकामे पोट एवढे तिला पुरते.

अंगाची उष्णता पस्तीस अंशांखाली गेली की धोका सुरू होतो. आधी कापरे भरते. कापरे ही चांगली गोष्ट. शरीर आपली भट्टी पेटवू पाहत असते. मग माणूस ठेचाळतो, गुंडी लावता येत नाही, बोलणे जड होते, हट्टी होतो. आणि मग कापरे थांबते. इथे लोक म्हणतात, बरे झाले, थंडी गेली. नाही! भट्टी विझली. बत्तीस अंशांच्या आसपास हे घडू लागते. त्याहून खाली गेलेला माणूस कधीकधी अंगावरचे कपडे काढू लागतो, कारण त्याला उकडल्याचा भास होतो. आणि पाहणारे म्हणतात, प्यायलाय. रस्त्याकडेला पडलेल्या किती जणांना आपण ‘प्यायलाय’ म्हणून ओलांडून गेलो असू! आणि तो खरोखरच प्यालेला असला तर धोका दुप्पट. दारूने कातडीकडे रक्त धावते, ऊब वाटते, आणि आतली उष्णता बाहेर निसटते. थंडीवर दारू हा उपाय ज्याने काढला, त्याने अनेकांना मारले आहे.

अशा माणसाला हलवावे ते काचेच्या सामानासारखे. गारठलेले हृदय धक्क्याने लय सोडते. ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळावे, डोके झाकावे, छाती-पोटाला ऊब द्यावी. हातपाय चोळू नयेत. शुद्धीवर असेल, नीट गिळत असेल तर गरम गोड चहा. नाहीतर काही नाही. कापरे थांबलेला, बरळणारा किंवा निपचित माणूस हा डॉक्टरचा रोगी, घरगुती शेकाचा नव्हे. आणि थंड पडला, नाडी लागत नाही, म्हणून मेला असे गावठी दाखले देऊ नयेत. १९९९ साली नॉर्वेत एक डॉक्टर बाई बर्फाखालच्या ओढ्यात ऐंशी मिनिटे अडकली. काढली तेव्हा हृदय बंद आणि अंगाची उष्णता १३.७ अंश. ती वाचली, आणि पुन्हा डॉक्टरी करू लागली.

बोटांचे गोठणे निराळे. पांढरी, मेणासारखी, कडक झालेली आणि दुखायची थांबलेली बोटे वाईट. इथे आमच्या लारेसाहेबांचीही गंमत झाली. गोठलेले पाय शेकोटीवर धरणाऱ्या शिपायांचे पाय सडतात, हे त्याने १८०७ च्या हिवाळ्यात अचूक पाहिले. पण त्यावरून त्याने बर्फाने चोळण्याचा सल्ला दिला, आणि तो चुकीचा सल्ला शंभराहून अधिक वर्षे पुस्तकांतून छापला जात राहिला. मोठ्या माणसाचे निरीक्षण घ्यावे, सल्ला तपासावा. आज सांगतात ते असे: चोळणे नको, विस्तव नको, अंगाच्या उष्णतेएवढे कोमट पाणी, आणि डॉक्टर.

थंडीच्या रात्री खोली बंद करून शेगडी पेटवणाऱ्यांना एक सूचना. एकाच खोलीतल्या दोघातिघांचे डोके एकदम दुखू लागले, मळमळले, तर ती थंडी नव्हे आणि अपचनही नव्हे. तो कोळशाचा विषारी वायू. त्याला वास नाही. दार उघडा, बाहेर काढा, हाक मारा.

आणि आजच्या हवेपुरते एवढेच, की उन्हाने तापलेला माणूस बरळू लागला, वेड्यासारखा वागू लागला किंवा कोसळला, तर घाम असो वा नसो, तो उष्माघात. रुग्णवाहिका येईतो सावली, पाणी ओतणे आणि वारा घालणे थांबवू नये. थंडी आणि ऊन एकमेकांचे वैरी. पण खूण एकच देतात, आधी बोलणे बिघडते.

उगीच घाबरावे असे आमचे म्हणणे नाही. मुरगळा, चिरलेले बोट, टेंगूळ यांसाठी रुग्णवाहिका अडवून ठेवली तर दुसरीकडचा कोणी खोळंबतो. त्यांना उद्याची सकाळ चालते. लक्षणे पाठ असण्याचा हाही उपयोग आहे.

“पोलिसांचे लचांड मागे लागेल” ही भीती अजून ऐकू येते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा यांच्या खटल्यात सांगून टाकले की जखमीवर तत्काळ उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो की खासगी, कर्तव्य आहे. पोलिसांचे कागद मागाहून. आणि रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ सालच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण मिळाले. कायदा आपल्या मागे उभा आहे. आपण पुढे व्हायचे तेवढे राहिले आहे.

१९४८ सालच्या कारखाना कायद्याने दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी सांगितली होती. आम्ही जिथे जिथे गेलो तिथे पेटी पाहिली, कुलूपही पाहिले. किल्ली भांडारप्रमुखाकडे, आणि भांडारप्रमुख पाच वाजता घरी. जणू अपघातांनी दिवसपाळीतच यावे! आम्ही एका ठिकाणी या एका कुलपासाठी दोन बैठका घेतल्या आणि ते काढवले. पगारवाढीच्या करारापेक्षा त्या कामाचे समाधान आम्हांला अधिक आहे.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ वर रुग्णवाहिका येते. ११२ हा देशभरचा आणीबाणीचा क्रमांक. फोन लागला की आधी जागा सांगावी, कारण मध्येच फोन तुटला तरी गाडी निघते. गावाचे नाव, रस्ता, जवळची खूण, प्लॉटचा क्रमांक, कोणते फाटक. मग किती माणसे, शुद्धीवर आहे का, श्वास चालतो का, काय झाले. विचारतील त्याची उत्तरे द्यावीत, आणि ते सांगेपर्यंत फोन ठेवू नये. एक माणूस जखमीपाशी, एक फोनवर, एक बाहेर रस्त्यावर हात हलवीत उभा. वसाहतीत रात्री मागचे फाटक बंद असते आणि पुढच्या फाटकावरचा पहारेकरी नवा असतो. गाडी दहा मिनिटे घिरट्या घालते. तेव्हा फाटकाची दुसरी किल्ली कोणाकडे असते, हे रात्रपाळीतल्या निदान दोघांना ठाऊक असावे.